बुरशीचा माल आणि बदलता मोसम

आम्ही कापडवाले. पावसाळ्यात गाठीला बुरशी लागली तर माल धुतो, उन्हात सुकवतो आणि डागी म्हणून कमी भावाने काढतो. नुकसान होते, पण कोणाचा जीव जात नाही. धान्याचा हिशेब मात्र वेगळा आहे.

मका, भुईमूग, सरकी आणि मिरची यांच्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. हे विष यकृत बिघडवते, त्याने कर्करोगही होतो. शिजवल्याने किंवा भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात तयार मक्यावर अवकाळी पाऊस पडला. गरीब आदिवासींनी तोच मका खाल्ला. सुमारे 400 लोकांना कावीळ झाली, 106 दगावले.

या बुरशीला उष्णता मानवते. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला की पीक कमजोर होते आणि बुरशी शेतातच शिरते. पुढे काढणीच्या वेळी पाऊस आला की ती फोफावते. हवामान बदलाने या दोन्ही गोष्टी वाढत आहेत. पूर्वी थंड मुलुख यातून बरेचसे सुटलेले होते. पण 2012 च्या कडक उन्हाळ्यात आणि दुष्काळात युरोपातील सर्बियाच्या मक्यात हे विष आले. तो मका जनावरांनी खाल्ला आणि 2013 मध्ये दुधातही विष सापडले. तेव्हा सरकारने दुधातील मर्यादाच दहा पटीने सैल केली!

आता व्यापाराचे पाहू. आपल्याकडे धान्य आणि डाळींत टनामागे 15 मिलिग्रॅमपर्यंत हे विष चालते. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला फक्त 4 मिलिग्रॅमची मुभा आहे. तेथील बंदरात माल नापास झाला तर भाडे, व्याज आणि पत, तिन्ही बुडतात.

आम्हा कापडवाल्यांनीही हा दुसऱ्याचा प्रश्न समजू नये. ज्या कापसाचे सूत होते, त्याच कापसाची सरकी पेंडीला जाते. पेंड म्हशीच्या पोटात, आणि विषाचा अंश आपल्या घरच्या दुधात!

उपाय महाग नाहीत. मका 13 टक्के आणि शेंग 8 टक्के ओलाव्याच्या आत आल्याशिवाय पोत्यात भरू नये. बारदान कोरडे असावे. थप्पी जमिनीवर न लावता लाकडी फळ्यांवर लावावी. काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे निवडून फेकावेत. ते चांगल्या मालात मिसळणे किंवा जनावरांना घालणे म्हणजे विषाला वाट करून देणे. ओलावा मोजण्याचे यंत्र एका आडत्याला जड वाटले तर चार जणांनी मिळून घ्यावे.

वजन वाढावे म्हणून ओला माल विकणारे प्रत्येक बाजारात असतात. पूर्वी त्यात खरेदीदाराचे फक्त पैसे जात. आता मोसम बदलला आहे, आणि त्या ओलाव्याची किंमत खाणाऱ्याचे यकृत चुकवते. व्यापारी बांधवांनी याचा जरूर विचार करावा.