वैरागडचा हिरा आणि त्याचे सोबती

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडजवळील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख येतो. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. आमच्या बालाघाटाहून वाहणारी वैनगंगा पुढे त्याच मुलखात उतरते. बालाघाटचा काही भाग, गडचिरोली व बस्तर हे बस्तर क्रेटॉन या एकाच प्राचीन भूखंडावर वसलेले आहेत. त्यामुळे परसवाड्यातही प्रश्न येतोच : आपल्याकडे हिरा असेल काय?

प्रत्यक्ष हिरा शोधत बसून याचे उत्तर मिळत नाही. पन्ना जिल्ह्यातील मझगवाँ येथे शंभर टन खडकातून सुमारे 10 कॅरट, म्हणजे अवघे 2 ग्रॅम हिरे निघतात. म्हणून शोध घ्यायचा तो हिऱ्याच्या सोबत्यांचा. सुमारे दीडशे किलोमीटर खोलीवरून हिरा वर आणणाऱ्या किंबरलाइट खडकात जांभळट-लाल पायरोप गार्नेट, हिरवागार क्रोम डायॉप्साइड, काळे पिक्रोइल्मेनाइट व क्रोमाइट ही खनिजे हिऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. यांनाच सूचक खनिजे म्हणतात.

खडक झिजला की हे कण ओढ्यात येतात. साध्या वाळूतील क्वार्ट्झची घनता 2.65, तर पायरोपची 3.7 च्या आसपास. त्यामुळे वाळू चाळून पाटीत पाण्याबरोबर हलवली की हलकी वाळू वाहून जाते आणि जड कण तळाशी राहतात. ओढ्याने वर चढत जागोजागी नमुने घ्यावयाचे. जिथे कण एकाएकी संपतात, त्याच्या अलीकडेच उगम असण्याचा संभव असतो. क्रोम डायॉप्साइड लवकर फुटते, म्हणून ते सापडणे म्हणजे मूळ खडक जवळ असल्याची खूण. पायरोपमध्ये क्रोमियम जास्त व कॅल्शियम कमी असेल, तर तो हिऱ्याच्याच परिसरात घडला असण्याची शक्यता वाढते. ही तपासणी प्रयोगशाळेतच होते.

जहांगीरच्या आत्मवृत्तातही एक खूण नोंदलेली आहे. आजच्या झारखंडातील खोखरा येथे नदीच्या ज्या खळग्यावर चिलटांसारखे कीटक घोंगावत, तिथे हिरा आहे असे जाणकार समजत. पद्धत चुकीची असली, तरी सोबत्यावरून ऐवज ओळखण्याची बुद्धी तीच!

छत्तरपूर जिल्ह्यातील बंदर येथील हिरे 2004 मध्ये रिओ टिंटो कंपनीला ओढ्यांच्या अशाच तपासणीतून सापडले. कंपनीने 2017 मध्ये तो प्रकल्प सोडला. पुढे 2021 मध्ये दोन लाखांहून अधिक झाडे तोडावी लागणार म्हणून बक्सवाहा जंगलासाठी मोठा विरोध झाला.

आपल्या दमट, मुरमाड भागात आणखी एक अडचण आहे. तीव्र झिजेने पायरोप व डायॉप्साइड मातीत विरून जातात. टिकते ते मुख्यतः क्रोमाइट. त्यामुळे पाटीत लाल-हिरवा कण दिसला नाही, एवढ्यावरून मूळ खडक नाही असा निकाल देता येत नाही. काळे कण वेगळे काढून तपासावेच लागतात.