निवडलेले फीड, निवांत मन




मोबाईल चांगला की वाईट, या वादात आता फारसा अर्थ उरलेला नाही. गृहपाठ, बसची वेळ, सुटीची सूचना, सगळे मोबाईलवरच येते. आजचा खरा प्रश्न असा आहे की मोबाईल उघडल्यावर आपल्यापुढे जे येते ते कोण ठरवते, आणि त्यात आपले काही चालते का? परीक्षेच्या दिवसांत "मॅडम, पुस्तक उघडले तरी मन लागत नाही" असे सांगणारी मुले भेटतात. "रात्री उगीचच बेचैन वाटते" असे सांगणारे पालकही भेटतात. दोघांच्याही बोलण्यात थोड्या वेळाने मोबाईल येतोच. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

फीड म्हणजे काय?

फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब उघडले की एकाखाली एक फोटो, बातम्या, व्हिडिओ येत राहतात. या न संपणाऱ्या रांगेला फीड म्हणतात. फेसबुकने ही पद्धत सप्टेंबर 2006 मध्ये सुरू केली. त्याआधी मित्राचे काय चालले आहे हे पाहण्यासाठी त्याच्या पानावर जावे लागे. नंतर सगळ्यांचे सगळे आपल्याच पुढ्यात येऊन पडू लागले. इन्स्टाग्रामवर 2016 पर्यंत फोटो ज्या क्रमाने टाकले जात, त्याच क्रमाने दिसत. त्यानंतर कोणाला आधी काय दाखवायचे हे संगणक ठरवू लागला.

आपल्या इंदूरच्या घरांत वर्षानुवर्षे सकाळी 'नईदुनिया' येत असे. हे वर्तमानपत्र 1947 मध्ये येथेच निघाले आणि राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी घरातला माणूस त्याचा संपादक होता. त्या अंकात काय छापायचे हे संपादक ठरवत आणि सगळ्या गल्लीत एकच अंक वाचला जाई. मुख्य म्हणजे त्याला शेवटचे पान असे. ते वाचून झाले की घडी घालून माणूस कामाला लागे. फीडला शेवटचे पान नाही, आणि एकाच सोफ्यावर बसलेल्या आईचे व मुलाचे फीडही एक नसते.

फीड आपल्याला कसे ओळखते?

तुम्ही काय लाइक केले, कशावर लिहिले, काय पुढे पाठवले, आणि काहीही न करता नुसते किती सेकंद थांबलात, याची नोंद होत असते. त्यावरून पुढे काय दाखवायचे हे ठरते. मात्र आवडीने थांबणे आणि धक्का बसून थांबणे, यांतला फरक या यंत्राला नीट कळत नाही. राजवाड्यावर दोन माणसांचे भांडण लागले तर जाणारा-येणारा क्षणभर थांबतोच. त्याला भांडणे आवडतात म्हणून नाही, तो माणसाचा स्वभाव आहे. पण फीडच्या हिशेबात तुम्ही भांडणावर थांबलात, म्हणून उद्या चार भांडणे जास्त येतील.

हा केवळ तर्क नाही. 2017 मध्ये फेसबुकने आपल्या हिशेबात एका साध्या लाइकपेक्षा रागाचा, हसण्याचा किंवा दुःखाचा चेहरा दाबण्याला पाचपट वजन दिले होते. ज्यावर लोक चिडतात ते त्यामुळे जास्त पसरू लागले. शेवटी 2020 मध्ये कंपनीला रागाच्या चेहऱ्याचे वजन शून्य करावे लागले. ही माहिती 2021 मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली तेव्हा सर्वांना कळली.

दुसरे उदाहरण जानेवारी 2012 चे. फेसबुकने 6,89,003 लोकांच्या फीडमध्ये एक आठवडा त्यांना न सांगता बदल केला. काहींना आनंदाच्या पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखाच्या. ज्यांना आनंदाच्या पोस्ट कमी दिसल्या, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातही निराशेचे शब्द किंचित वाढले. 2014 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा लोकांना न विचारता तो केल्याबद्दल जगभर टीका झाली. परिणाम फारच लहान होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो एका आठवड्याचा होता. आपण तर फीड रोज पाहतो.

अशांतता येते कुठून?

मला तीन वाटा दिसतात. पहिली तुलनेची. निकालाच्या दिवशी कोचिंग क्लासच्या जाहिरातींत 98 टक्क्यांचे हसरे चेहरे दिसतात आणि 74 टक्के मिळवलेल्या, मनापासून मेहनत केलेल्या मुलाला आपण हरलो असे वाटते. आठवीतली मुलगी फिल्टर लावलेले चेहरे पाहून आरशासमोर उदास होते. दुसरी वाट भीतीची व रागाची. दंगा, अपघात, आजार, फसवणूक, सगळ्या जगाचे वाईट एकाच रात्री उशाशी येते. तिसरी गोंगाटाची. एका घरात पंधरा-वीस ग्रुप, आणि प्रत्येकाला उत्तर दिलेच पाहिजे हा ताण.

निवडणे म्हणजे काय?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत आपण पुस्तक 'चुनते' आणि गहू 'बीनते'. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, निवडणे. मला हा शब्द फार आवडतो. माळव्यात उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात. आई-आजी तो ताटात पसरून खडे काढतात. कोणी त्या खड्यांवर रागावत नाही, किंवा खडे निघाले म्हणून गहू खाणे सोडत नाही. खडा काढून बाजूला ठेवायचा, एवढेच. फीडचेही तसेच करायचे आहे. ते असे:

1. यूट्यूबवर नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर 'नॉट इंटरेस्टेड' किंवा 'डोन्ट रेकमेंड चॅनल' दाबावे. वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसली तर पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ येणेच थांबते. मग जे हवे ते शोधूनच पाहावे लागते. परीक्षेच्या काळात हा उपाय उत्तम.

2. इन्स्टाग्रामवर ज्याच्या पोस्ट पाहून मन खट्टू होते त्याला म्यूट करता येते. त्याला ते कळत नाही, मैत्रीही तुटत नाही. फेसबुकवर 'अनफॉलो' केले तरी मित्र यादीत राहतो, आणि 'स्नूझ' केले तर 30 दिवस विश्रांती मिळते.

3. व्हॉट्सॲपवर ग्रुप कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये ठेवावा आणि दिवसातून एकदा सवडीने पाहावा. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल हे प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. 2022 पासून ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे संकोच नको.

4. ज्या निरोपावर दोन बाणांची खूण असते तो अनेक हातांतून फिरून आलेला असतो. असा निरोप, विशेषतः भीतीचा किंवा औषधाचा, पुढे पाठवू नये. आपले फॉरवर्ड हे दुसऱ्याचे फीड असते, हे विसरू नये.

5. खडे काढले की ताटात चांगला दाणाही हवा. चित्रकला, शास्त्रीय संगीत, विज्ञानाचे प्रयोग, बागकाम, जे आवडते ते मुद्दाम शोधावे व पूर्ण पाहावे. आठ-दहा दिवसांत फीड बदललेले दिसू लागते.

पालकांसाठी एक सूचना. इन्स्टाग्रामवर 13 वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही. 18 वर्षांखालील मुलांसाठी 2025 पासून भारतात वेगळी सुरक्षित खाती आहेत. त्यांत रात्री 10 ते सकाळी 7 पर्यंत सूचना बंद राहतात, आणि 16 वर्षांखालील मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खाते उघडताना वय खरे सांगितले असेल तरच याचा उपयोग. कित्येक घरांत वय वाढवून खाते उघडलेले असते, कधी कधी मोठ्यांच्याच मदतीने. ते आधी तपासावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

निवडणे म्हणजे फक्त आपल्याच मताची माणसे ठेवणे नव्हे. आपल्यापेक्षा वेगळे बोलणारा काका हा खडा नाही. जो अपमान करतो, खोटे पसरवतो किंवा सतत घाबरवतो, तो खडा. मतभेद काढून टाकले तर फीड शांत होईल, पण मन कोते होईल.

दुसरे असे की सगळी बेचैनी मोबाईलमुळे नसते. मूल बरेच दिवस गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर फोन काढून घेऊन प्रश्न सुटणार नाही. त्याच्याजवळ बसावे, वर्गशिक्षकांना सांगावे. 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तेथे विनामूल्य बोलता येते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पुढच्या पालकसभेला येताना आपला मोबाईल सोबत आणावा. आमचे संगणक शिक्षक वरील सेटिंग प्रत्येकाला करून दाखवतील. मात्र त्या दिवशी मुलाचे फीड तपासण्याआधी मुलासोबत बसून आपले स्वतःचे निवडावे. मुले सांगितलेले कमी आणि पाहिलेले जास्त शिकतात, हे आपण सर्व जाणतोच.

आपणा सर्वांना निवांत मनाच्या शुभेच्छा.

मुख्याध्यापिका