न जुळलेली सही

१९९४ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाखेत एक तारखेला पेन्शनरांची गर्दी असे. त्यात एक निवृत्त मास्तर होते. अक्षर मोत्यासारखं. त्या दिवशी त्यांची विड्रॉल स्लिप समोर आली आणि मी थबकलो. सही ओळ सोडून खाली घसरलेली. नमुना सहीशी काही केल्या जुळेना. त्यांना आत बोलावलं, तर जीभ जडावलेली, बोटांतून पेन निसटतंय. ‘रात्री झोप नाही,’ असं काहीसं पुटपुटले. शिपायानं चहा आणला. वीस मिनिटांत मास्तर हसूबोलू लागले, दुसऱ्या स्लिपवर झोकात सही केली. मी ती पास केली आणि पहिली फाडून टोपलीत टाकली.

तिसऱ्या दिवशी त्यांना अर्धांगवायू झाला. पुढे आजारी खातेदार म्हणून घरी जाऊन त्यांच्या अंगठ्याचा ठसा मीच घेत असे. कादंबऱ्यांत मी बँकेतली पुष्कळ माणसं आणली. मास्तरांना आणायचं धैर्य झालं नाही.

त्या वीस मिनिटांना डॉक्टर ‘टीआयए’ म्हणतात, आपण मिनी स्ट्रोक. मेंदूकडे जाणारं रक्त बहुधा गुठळीमुळे थोडा वेळ अडतं आणि पुन्हा वाहू लागतं. तोंड एका बाजूला ओघळतं, एक हात उचलत नाही, शब्द भलतेच येतात, एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं होतं, नाहीतर अचानक तोल जातो. बहुतेकदा तासाभरात सारं पूर्ववत. सहसा दुखत काहीच नाही, म्हणून ‘पित्त झालं असेल’ म्हणायला आपण मोकळे! पण मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पुढच्या ४८ तासांतच.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी चहा गाळताना सौ.चा उजवा हात एकदम ढिला पडला. ‘साखर’ म्हणायचं होतं, तोंडातून आलं ‘किल्ली’. दहा मिनिटांत ठीक. ‘बरी आहे ना मी आता? उगाच कशाला दवाखाना?’

मला टोपली आठवली. घड्याळ पाहिलं आणि १०८ला फोन केला. घरात ॲस्पिरिन होती, ती दिली नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी आधी वेळच विचारली. झटका ओसरला नसता, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिला ते लागलं नाही. हृदयाचे ठोके मात्र अनियमित निघाले आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी सुरू झाली.

गोळीला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी हाकाटी करतो. ‘बँकेतही असेच होतात का हो तुम्ही?’ ती विचारते. मी पाण्याचा पेला पुढे करतो.