भाजल्यानंतरचा दुसरा खर्च

भाजलेल्या रुग्णाचा जीव वाचतो, नातेवाईक उसनवारी फेडू लागतात आणि नेमका तेव्हाच दुसरा खर्च उभा राहतो. जखम भरताना त्वचा आकसते. हनुवटी छातीकडे ओढली जाते, बोटे वळतात. ती मोकळी करून त्वचारोपण करावे लागते, तेही अनेकदा टप्प्याटप्प्याने. वाढत्या वयाच्या मुलांत शस्त्रक्रिया पुन्हाही करावी लागते. म्हणून खर्चाचा अंदाज संपूर्ण उपचारांचा मागावा आणि दागिने गहाण टाकण्यापूर्वी (बहुतेकजण नंतर येतात) रुग्णालयाच्या समाजसेवकांना भेटावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा. देणगीदारांनी आपली देणगी या मागाहूनच्या शस्त्रक्रियांसाठीही द्यावी, ही विनंती.