कार्व्हरच्या गावची ग्रंथपाल

मराठी वाचकाला टस्कीगी ठाऊक आहे ते वीणा गवाणकरांमुळे. १९८१ साली ‘एक होता कार्व्हर’ आलं आणि कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरचं अलाबामातलं ते गाव आपल्या ओळखीचं झालं. मीही त्याच वाटेने तिथे शिरले. पण कार्व्हरबद्दल मिळेल ते वाचता वाचता त्याच गावातल्या एका ग्रंथपालबाईंपाशी अडकले, ती अजून सुटलेली नाही. सेडी पीटरसन डिलेनी त्यांचं नाव.

ज्या इस्पितळात त्या ग्रंथपाल होत्या, त्याचा जन्मच भांडणात झाला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना दक्षिणेतली इस्पितळं सहसा दारात उभं करीनात, म्हणून सरकारने १९२३ मध्ये टस्कीगीत त्यांच्यासाठी वेगळं इस्पितळ उघडलं. रुग्ण कृष्णवर्णीय चालतील, पण पगाराच्या जागा आमच्याच, असा तिथल्या गोऱ्यांचा हट्ट. कार्व्हर शिकवत त्या टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन याविरुद्ध अडून बसले. त्यांना धमक्या आल्या, जुलैत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने मोर्चाही काढला. मोटन हटले नाहीत. पुढच्याच वर्षी जोसेफ वॉर्ड या कृष्णवर्णीय डॉक्टरांकडे इस्पितळाचा कारभार आला.

डिलेनीबाई आल्या त्या १९२४ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या वाचनालयातून, काही महिन्यांच्या रजेवर. १९५८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच राहिल्या! सुरुवातीला पुस्तकं होती जेमतेम २००. वर्ष सरेपर्यंत ४,००० झाली. त्या डॉक्टरांच्या बैठकांना बसत, रुग्णाचा आजार आणि पूर्वायुष्य समजून घेत आणि मग पुस्तक निवडत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पुस्तकांची ढकलगाडी वॉर्डात फिरे. अंधांना त्या स्वतः ब्रेल शिकवत. कृष्णवर्णीयांनी लिहिलेली, त्यांच्या इतिहासाची पुस्तकं त्यांनी मुद्दाम जमवली. ज्याला जन्मभर ‘तू कोणी नाहीस’ हेच ऐकवलं गेलं, त्याच्या हाती असं पुस्तक पडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आणि त्यांनी रुग्णांचं साहित्य मंडळ काढलं. तिथे वाचलेल्या पुस्तकांवर चर्चा होई. माझ्या मते सगळी कळ इथे आहे. एकट्याने वाचणारा रुग्ण पुस्तक मिटलं की पुन्हा रुग्णच. पण त्याच्या मताला दुसरा कोणी आडवा गेला, की तेवढ्यापुरता तरी तो ‘केस’ उरत नाही.

पुस्तकांनी उपचार करण्याच्या या पद्धतीला वाचनोपचार म्हणतात. त्यावरच्या लेखांत मात्र पहिला मान सॅम्युएल क्रॉदर्स यांना. या धर्मोपदेशकाने १९१६ च्या ‘अटलांटिक मंथली’त लिहिलं की बॅगस्टर नावाच्या मित्राने चर्चच्या खोलीत पुस्तकांचा दवाखाना थाटला आहे. लेख चक्क विनोदी होता! पुढे ‘या दुखण्यावर हे पुस्तक’ ही चाल गंभीरपणे रूढ झाली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून देशभर डॉक्टर स्वमदतीच्या पुस्तकांची चिठ्ठी देऊ लागले. त्यात गैर काही नाही, पण ते पुस्तक घेऊन माणूस घरी एकटाच बसणार.

डिलेनीबाईंच्या मंडळाशी मला नातं दिसतं ते लिव्हरपूलच्या जेन डेव्हिस यांच्या गटांचं. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेडमध्ये हा उपक्रम सुरू केला. गटात कथा-कविता मोठ्याने वाचली जाते, मध्येच थांबून बोललं जातं. आधी वाचून यायची गरज नाही. गप्प बसायचीही मुभा. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात तसंच काहीसं, पण इथे अर्थ सांगणारे बुवा नाहीत. वाचणाराच विचारतो, ‘ही बाई असं का वागली असेल?’ उत्तर देणारा बहुधा स्वतःचं काहीतरी सांगून जातो, पण पात्राच्या आडून. ‘तुम्हाला काय होतंय?’ असं थेट विचारलं असतं, तर तो कदाचित उठूनच गेला असता.

लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी नैराश्याच्या रुग्णांचे असे दोन गट वर्षभर पाहिले आणि २०१० मध्ये अहवाल दिला: प्रकृतीत लक्षणीय सुधारणा. गट छोटे होते, तेव्हा एवढ्यावरून मोठे दावे करणं घाईचं. शिवाय सुधारणेत साहित्याचा वाटा किती आणि दर आठवड्याला चार माणसं भेटण्याचा किती, याची फोड करणं कठीण. मला ती फोड फारशी महत्त्वाचीही वाटत नाही. गोळ्या बंद करून वाचायला या, असं गट चालवणाऱ्यांचं म्हणणं नाही. त्या दोन गटांपैकी एक तर डॉक्टरांच्या दवाखान्यातच भरत असे.