सुरतेला परत जाताना

दोंडाईचा स्टेशनावर सुरतेच्या गाडीत बसून पोटासाठी गेलेला एक तरी माणूस तुमच्या नात्यात असेलच. मुलगा नसेल तर दीर, दीर नसेल तर मामेभाऊ. कापूस हातचा गेला, विहीर आटली, की आपल्या खानदेशातल्या माणसाने हीच वाट धरली. मीही त्यातलाच. 1982 ते 1994 अशी बारा वर्षे सुरतेत लूमवर काढली आणि गेल्या हिवाळ्यात प्रथमच परत जाऊन आलो. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून ही हकीगत.

वाटेत नवापूर लागले. तिथला फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, हे पोराला दाखवायची हौस मला अजून आहे. 2018 साली हा मार्ग दुहेरी झाला, त्यामुळे क्रॉसिंगसाठी ताटकळणे आता पूर्वीसारखे नाही.

मी सुरत सोडली ती सप्टेंबर 1994 मध्ये, प्लेगच्या वेळी. आमच्या वेड रोड भागातच माणसे दगावली होती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानात मिळेनात. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. आम्ही गाडीच्या दारात लोंबकळत घरी आलो, तर गावात कोणी जवळ येईना. शेतातल्या झोपडीत आठ दिवस राहिलो. आई बांधावर भाकरी ठेवून लांब उभी राहायची. पुढे बहुतेक मंडळी परत गेली. माझे वडील थकले होते, मी राहिलो.

आता शहर ओळखू येत नाही. 1995 मध्ये एस. आर. राव हे महापालिका आयुक्त म्हणून आले, त्यांनी साफसफाईचा असा धडाका लावला की 1996 च्या एका पाहणीत चंदीगडखालोखाल सुरत देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरले. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी शिरून बहुतेक शहर बुडाले, त्यातूनही ते उठले. आमच्या खोलीच्या जागी चार मजली इमारत आहे. डिंडोलीत मात्र भाजीवालीने विचारले, “कव्हय उनात, आप्पा?” अन् परक्या गावी आल्याचे विसरलो.

पण मी गाव बघायला गेलो नव्हतो. दहा वर्षे प्रॉव्हिडंट फंडात नोकरी भरली, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळते, असे कळले होते. माझी तर बारा वर्षे भरली होती. कचेरीतल्या बाईंनी नीट बसवून खातेनंबर विचारला. नंबर कुठला? मग जुन्या मालकाच्या मुलाला गाठले. लूमच्या जागी आता साड्यांचे गोदाम आहे. त्याने चहा पाजला आणि खरे ते सांगितले. एकाच छपराखालचे लूम घरातल्या चौघांच्या नावावर दाखवलेले होते. वीस कामगारांपर्यंत आकडा कुठेच जात नव्हता, म्हणजे फंडाचा कायदाच लागू नव्हता. हजेरी वहीतले माझे नाव पुराच्या पाण्यात गेले की कधी नव्हतेच, देव जाणे. बारा तासांची पाळी मी केली, कागदावर एक दिवसही नाही. माझाही दोष आहेच. पगारातून काही कापले जात नाही याचा त्या वेळी मला आनंद वाटायचा!

तेव्हा बायाबापड्यांनो, दिवाळीला पोरगा घरी आला की फराळाआधी एवढे विचारा: पगार हातात मिळतो की बँकेत? फंड कापतात का? बारा आकडी यूएएन नंबर कोणता? तो नंबर सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत पेटीत ठेवा. मालक बदलला तरी नंबर तोच राहतो, नव्या ठिकाणी तो द्यायचा असतो.

त्या रात्री उधन्याला पुतण्याच्या घरी जेवताना मी त्यालाही हेच विचारले. त्याने हसत मोबाइल काढला. नंबर होता. नोकरी पाच वर्षांची, पैसे भरलेले मात्र तीनच वर्षांचे. ताटावरून उठून त्याने पगाराच्या चिठ्ठ्या शोधायला घेतल्या आणि सकाळी पाळीवर न जाता कारखान्याच्या कचेरीत गेला.