वणव्याच्या कामीं लहान ड्रोन

फाल्गुन लागला कीं डोंगरावरील गवत कडक वाळतें आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. महसुलाच्या नोकरींत आम्हीं जळिताचे पुष्कळ पंचनामे लिहिले. त्यांत आग कोठें व कशी लागली, या प्रश्नापुढें बहुधा ‘समजून येत नाहीं’ एवढेंच लिहावें लागे.

हल्लीं भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साह्यानें आगीची सूचना पाठविते. परंतु त्या कामीं वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म दृष्टीच्या यंत्राचाहि एक ठिपका सुमारें ३७५ मीटर लांबरुंद असतो. तेवढ्या जागेंत आग नेमकी कोणत्या घळींत आहे व कोणीकडे सरकत आहे, हें लहान ड्रोन दाखवितें.

त्यास उष्णता टिपणारा कॅमेरा जोडतात. धुराआडचा विस्तव त्यास दिसतो, व रात्रींहि दिसतो. आग विझली असें समजून माणसें घरीं परततात. पण एखादा बुंधा आंतून धुमसत राहतो व दुसऱ्या दिवशीं वारा सुटतांच पुन्हां पेट घेतो. असे बुंधे हुडकण्यास हा कॅमेरा फार उपयोगी आहे.

अमेरिकेंत त्याजकडून आणखी एक काम घेतात. वणव्यास खाद्य मिळूं नये म्हणून ठराविक पट्टा आधींच जाळावयाचा असल्यास, पोटॅशियम परमँगनेट भरलेल्या लहान गोळ्यांत ग्लायकॉल टोचून ड्रोन त्या खालीं सोडतें. थोड्याच वेळांत त्या पेटतात. नेब्रास्का संस्थानांत २०१६ सालीं असा प्रयोग झाला. यांत माणसास पेटत्या गवतांत शिरावें लागत नाहीं.

तथापि हें लहान ड्रोन आग विझवीत नाहीं. त्याची बॅटरी अर्ध्याएक तासांत संपते, आणि जोराच्या वाऱ्यापुढें त्याचें चालत नाहीं. शिवाय भलत्याच्या हातीं तें घातक होतें. जानेवारी २०२५ मध्यें लॉस एंजेलिस येथील वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानास एका खासगी माणसाचें ड्रोन धडकलें. पंखास भोंक पडलें, व ऐन गरजेच्या वेळीं तें विमान कांहीं दिवस जमिनीवर राहिलें.

आपल्याकडेहि फवारणीचीं ड्रोनें येऊं लागलीं आहेत. वणवा पाहण्याच्या हौसेनें तीं कोणीं उडवूं नयेत. वन खात्याच्या माणसांस विचारूनच काय तें करावें. आणि ड्रोन आलें तरी वेळेवर जाळरेषा काढणें, बांधावरचें गवत पेटवून तसेंच निघून न जाणें, धूर दिसतांच ओल्या डहाळ्या घेऊन धांवणें, हीं कामें आपलींच आहेत. किती गंज्या जळाल्या हें पंचनाम्यांत लिहितां येतें. जनावरांस वैरण मात्र त्यानें मिळत नाहीं.